दगडातील थर व तडे

वाराणसीच्या अनेक घाटांचे चिरे मिर्झापूर जिल्ह्यातील चुनार येथील वालुकाश्माचे आहेत. वाळूचे थर एकावर एक साचून हा खडक बनला. दोन थरांमधील पातळीस ‘स्तरतल’, तर थरांना छेदणाऱ्या नैसर्गिक तड्यांस ‘संधी’ म्हणतात. संधींमुळे खाणीतून दगड सुटा करणे सोपे जाते. परंतु त्या दाट असल्यास मोठा अखंड दगड मिळत नाही. सारनाथचे सुमारे २.१ मीटर उंचीचे अशोककालीन सिंहशीर्ष एकाच दगडातून घडविलेले आहे. त्यासाठी असा निर्दोष दगड निवडणे आवश्यकच होते. भिंतीत चिरा बसविताना स्तरतले आडवी राहतील अशी दक्षता घ्यावी लागते. ती दर्शनी बाजूस समांतर उभी राहिल्यास थरांमध्ये पाणी मुरून दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून दगड खाणीत जसा पहुडलेला असतो, तसाच तो बांधकामात बसवावा.