१२७ दात्यांचा गिअर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसला आणि १९८९ साली ओहायोतल्या एका टूलरूममध्ये येऊन पडलो. तेव्हापासून दोन मापांचा संसार चालू आहे. ‘ही माणसं अजून फूट-पौंडांतच कशी?’ असं गावाकडून येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि विचारताना जरा हसतो. त्या हसण्याला उत्तर देता देता जमलेलं हे थोडंसं.

१. आधी आपलं बोलणं ऐकावं.

पहिल्याच आठवड्यात फोरमन म्हणाला, “अजून दहा थाउ काढ.” थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मी लागलो मनात मिलिमीटर करायला. मग आठवलं, आमचे मिस्त्री तरी वेगळं काय बोलायचे? ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आणि तोंडात सूत. सळई तीन सुताची, पाइप अर्धा इंची, वाळू ब्रासवर. आजही भाऊ फोनवर फ्लॅटचे स्क्वेअर फूट सांगतो आणि नातवाचा ताप फॅरेनहाइटमध्ये. आपल्याकडे मेट्रिक कायद्यात आलं, वजनकाट्यावर बसलं, जिभेवर मात्र अर्धंच उतरलं.

२. माप डोक्यापेक्षा यंत्रात जास्त रुतलेलं असतं.

आमच्या टूलरूममधले जुने लेथ इंची होते. म्हणजे टूल पुढे सरकवणाऱ्या त्यांच्या लीडस्क्रूचे आटेच इंचाच्या हिशेबानं कापलेले. अशा लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दात्यांचा एक गिअर चढवावा लागतो. १२७ च का? इंचाचे मिलिमीटर २५.४, पाचानं गुणलं की पूर्णांकात १२७. ही मूळ संख्या, तिला भाग जात नाही, त्यामुळे हिशेब चोख हवा असेल तर लहान गिअरवर भागत नाही. आमच्याकडचं ते ताटाएवढं चाक भिंतीवर खिळ्याला टांगलेलं असायचं.

खरी गंमत पुढे. इंची आटे पाडताना एक फेरी झाली की लीडस्क्रूला धरणारा हाफ नट उघडायचा, कॅरेज हातानं मागे न्यायचं, डायलवर आकडा आला की पुन्हा बसवायचा. झटपट काम. मिलिमीटरचे आटे पाडताना मात्र शेवटपर्यंत हाफ नटला हात लावायचा नाही. मशीन उलटं फिरवूनच मागे यायचं. हे मला माहीत होतं. पण हातानं ऐकलं नाही. सवयीनं लीव्हर उचलला गेला, नट पुन्हा भलत्याच जागी बसला आणि दुसऱ्या फेरीत टूलनं जुन्या आट्याशेजारी नवीच वाट काढली. स्टेनलेसचा शाफ्ट भंगारात. फोरमन काही बोलला नाही. तो तुकडा त्यानं गिअरच्या शेजारी टांगला आणि कित्येक वर्षं तो तिथं लोंबत होता.

आता हेच एका खोलीऐवजी अख्ख्या देशाच्या कारखान्यांत बघा. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली आट्यांचं एक प्रमाण सुचवलं आणि पुढे अमेरिकेनं ते उचललं. त्यांच्याच कंपनीतले कोलमन सेलर्स १८७० च्या दशकात मेट्रिकविरुद्ध उभे राहिले. त्यांचा हिशेब साधा होता: गेज, टॅप, डाय, लीडस्क्रू सगळं बदलायचं, त्याचे पैसे कोण देणार? शाळेत मेट्रिकचं कौतुक करणाऱ्या मास्तरला फळा पुसला की झालं. कारखानदाराचं तसं नव्हतं. माणूस हटवादी असेल, पण हिशेब खोटा नव्हता.

३. जमीन एकदा मोजली की माप उखडत नाही.

ओहायोवरून विमान गेलं की खाली शेतांचे चौकोन दिसतात. १७८५ च्या कायद्यानं ही मोजणी इथूनच, ओहायोच्या पूर्व टोकापासून सुरू झाली. मैलाचा एक चौकोन म्हणजे ६४० एकर, असे ३६ मिळून एक टाउनशिप. मोजणीची साखळी ६६ फुटी. रस्ते त्याच रेघांवर, खरेदीखतं त्याच आकड्यांत.

आपला गुंठा याच साखळीचा नातेवाईक. ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे बाजू बरोब्बर अर्ध्या साखळीची. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले, तरी बांधावरचं भांडण गुंठ्यातच होतं. त्यातही आपलं नशीब थोर: आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा १०१ च्या जरा वर, त्यामुळे ढोबळ बोलण्यात दोन्ही खपून जातात. मैल आणि किलोमीटरचं असं जुळत नाही.

४. ज्याचं दुखतं तोच औषध घेतो.

माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं किलो. वडील सांगायचे, ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा. किलो त्याहून मोठा, म्हणून भावही वर. गिऱ्हाईक भाव तेवढा बघायचं आणि म्हणायचं, “काय शेट, सरकारच्या नावानं लुटताय काय?” आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, त्या पाव पैशावरूनही शब्दाला शब्द लागे. पण जुनी वजनं ठेवायची सोयच नव्हती. आणि एक गोष्ट वडिलांनाही पटलेली होती: या पेठेचा शेर त्या पेठेत चालत नव्हता, मण तर मुलखागणिक बदलायचा. एवढा गोंधळ होता म्हणूनच नवं माप रुजलं.

अमेरिकेला हा त्रासच नव्हता. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत फूट एकच, पौंड एकच, आणि बाजारही घरचाच एवढा मोठा की बाहेरच्याचं माप विचारायची गरज नाही. १९७५ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी मेट्रिकच्या कायद्यावर सही केली, पण त्यात सक्ती नव्हती. ज्याला हवं त्यानं बदलावं. माझ्या फोरमनच्या भाषेत, “म्हणजे मी सोडून सगळ्यांनी.” त्यासाठी नेमलेलं मंडळ १९८२ मध्ये रेगन यांच्या काळात गुंडाळलं.

५. नकार मोठ्यानं असतो, होकार गुपचूप.

मेट्रिक इथं १८६६ पासून कायदेशीर आहे. १८९३ पासून पौंड किलोवरून ठरतो, आणि १९५९ पासून इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर. घर इंचाचं, पाया मीटरचा. कोकची मोठी बाटली दोन लिटरची, वाइन ७५० मिलिलिटर, गोळी मिलिग्रॅममध्ये. कुणी तक्रार करत नाही. माझी मुलगी शाळेत १६०० मीटर धावायची आणि घरी येऊन सांगायची, “बाबा, आज मैल मारला.” मैल १६०९ मीटरचा असतो हे मी एकदाच सांगितलं.

६. ॲरिझोनात उलटंच पाहिलं.

मुलगी आता टुसानला असते. तिथून मेक्सिकोच्या सीमेवरच्या नोगालेसला जाणारा आय-१९ महामार्ग मेट्रिकचं वारं होतं तेव्हाचा, त्यामुळे अंतराच्या पाट्या किलोमीटरच्या. पुढे पाट्या मैलांत करायचं निघालं, तर रस्त्याकाठचे दुकानदारच विरोधात गेले. त्यांच्या पत्त्यांत आणि जाहिरातींत एक्झिटचे नंबर किलोमीटरनुसार छापलेले. ते बदलायचा खर्च कुणी करायचा? कोलमन सेलर्स यांचाच सवाल, फक्त उलट्या बाजूनं.

त्या रस्त्यावर अंतर किलोमीटरमध्ये आणि वेगमर्यादा मैलांत. बायको गाडी चालवत होती. पाटी आली, नोगालेस ४०. काटा ७५ मैलांवर. किती वेळ लागेल म्हणून मी मनात १.६ नं गुणाकार करत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, “वीस मिनिटं.”

“कसं काढलंस?”

“काढायचंय काय त्यात? मागच्या खेपेला तेवढीच लागली होती.”