नत्राचा अतिरेक आणि पाइन वृक्षांवरील बुरशी

वनस्पतीला कोणते पोषकद्रव्य किती मिळते, याइतकेच ती द्रव्ये परस्परांशी कोणत्या प्रमाणात मिळतात यालाही महत्त्व असते. हे प्रमाण बिघडले म्हणजे रोगाला वाट मोकळी होते. नेदरलँड्समधील पाइन वनांचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे.

त्या देशाच्या आग्नेय भागातील पील प्रदेशाची जमीन रेताड व आम्लधर्मी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे डुकरे व कोंबड्या यांचे पालन झपाट्याने वाढले. पुढे १९८० नंतरच्या दशकात आसपासच्या कॉर्सिकन पाइन वृक्षांची सुईसारखी पाने पिवळी पडू लागली व शेंडे वाळू लागले. रोगट वृक्षांवर डिप्लोडिया आणि ब्रुंकॉर्स्टिया या बुरशी आढळल्या.

रोगाचे मूळ

नायमेगेन विद्यापीठातील संशोधकांनी १९८५ मध्ये याची मीमांसा प्रसिद्ध केली. शेणखतातून उडून जाणारा अमोनिया हवेतून वनांवर उतरतो. पाने त्यातील अमोनियम शोषून घेतात आणि त्या मोबदल्यात पालाश, मॅग्नेशियम व कॅल्शियम गमावतात. जमिनीत साठलेले अमोनियम मुळांनाही ही द्रव्ये पुरेशी घेऊ देत नाही. अशा रीतीने नत्राच्या सुकाळात वृक्ष इतर द्रव्यांवाचून उपाशी राहतो. गरजेहून अधिक नत्र तो पानांत मुख्यतः आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या रूपाने साठवतो आणि बुरशीला आयते अन्न मिळते. डिप्लोडिया तर निरोगी दिसणाऱ्या फांदीतही सुप्तावस्थेत राहू शकते; वृक्ष दुबळा होताच ती बळावते. अवर्षणाने हा धोका आणखी वाढतो.

उपाययोजना

पालाश व मॅग्नेशियमयुक्त खते देऊन पोषणाचा तोल काही अंशी सावरता येतो. तथापि हवेतून नत्र येतच राहिले, तर हा उपाय अपुरा पडतो. म्हणून तेथे १९९० नंतर द्रवरूप शेणखत जमिनीवर पसरण्याऐवजी जमिनीत सोडण्याचे बंधन घालण्यात आले. अशा उपायांमुळे अमोनियाचे उत्सर्जन निम्म्याहून कमी झाले. तरीही वनांवरील नत्राचा भार पुरता हटलेला नाही.

आपल्याकडील भातशेतीतही हाच नियम दिसतो. नत्रखताची मात्रा प्रमाणाबाहेर गेली की करपा रोग बळावतो. यास्तव पिकावर बुरशी दिसताच केवळ औषधफवारणीचा विचार न करता माती परीक्षण करून घ्यावे आणि खतांचे प्रमाण तपासावे. ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी ही दृष्टी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.