फ्लूची लस मे महिन्यात का?

प्रश्न : माझी आई ६४ वर्षांची आहे. चुलीपुढे जन्म गेला; आता सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, रोज इनहेलर घेते. डॉक्टर म्हणतात, ‘मेमध्येच फ्लूची लस घ्या.’ अमेरिकेतली माझी बहीण सांगते, तिकडे ती ऑक्टोबरच्या सुमारास देतात. नक्की कधी घ्यायची? आणि गेल्या वर्षी घेतलेली लस यंदा पुन्हा कशाला? – एक वाचक, सातारा

उत्तर : डॉक्टर आणि बहीण, दोघांचंही बरोबर आहे. अमेरिकेत फ्लूची साथ थंडीत येते. महाराष्ट्रात तिचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान ती पुन्हा डोकं वर काढते. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, काही महिन्यांनी ते ओसरू लागतं. मेमध्ये लस घेतली, की ऐन साथीत आईच्या अंगात प्रतिकारशक्ती भरपूर असते.

फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो. जगभरातल्या प्रयोगशाळा त्याच्यावर नजर ठेवून असतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही) त्यांपैकीच एक. त्या माहितीवरून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतले घटक सुचवते : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. म्हणून गेल्या वर्षीच्या लशीवर यंदा विसंबता येत नाही. लस घेताना सर्वांत नवी कोणती, हे डॉक्टरांना विचारा.

सीओपीडीत फुप्फुसांची राखीव ताकद आधीच कमी झालेली असते. धडधाकट माणूस ज्या फ्लूतून आठवड्याभरात उठतो, त्याच फ्लूने अशा रुग्णाची धाप एकदम वाढते, न्यूमोनिया होऊ शकतो, रुग्णालयात दाखल करावं लागतं. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण तो गंभीर होण्याचा धोका कमी होतो. इतर विषाणूंमुळे होणारी सर्दी मात्र या लशीने टळत नाही.

इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होत नाही. एक-दोन दिवस दंड दुखेल, कणकण वाटेल. इनहेलर नेहमीसारखा चालू ठेवा. नाकात फवारायची लस जिवंत विषाणूची असते. ती आईसाठी नको. अंगात ताप असेल किंवा धाप वाढलेली असेल, तर बरं वाटेपर्यंत थांबा. पूर्वी फ्लूच्या लशीची तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. न्यूमोनियापासून बचाव करणाऱ्या न्यूमोकोकल लशीबद्दलही याच भेटीत विचारा.

मे हुकला, पाऊस सुरू झाला, तरी लस टाळू नका. साथ चालू असतानाही ती उपयोगी पडते. आणि आईबरोबर तुम्हीही घ्या. घरात फ्लू बहुतेकदा बाहेर ये-जा करणाऱ्यांकडूनच येतो.