शरीराशीं सख्य

महाबळेश्वरच्या पठारावरील जांभूळ वाऱ्यामुळें बुटकें व वांकडें वाढतें. म्हणून त्याला कोणी रोगी म्हणत नाहीं. पण वर्गांत कोणी "जाड्या" म्हणून हिणविलें, कीं कित्येक मुलें डबा न उघडतांच घरीं नेतात!

आकृतीवरून आरोग्य कळतें काय? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनीं 2004 सालीं आपलेंच उदाहरण प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखें; परंतु शरीरांतील चरबी युडकिन यांची शेंकडा 9.1, तर याज्ञिकांची 21.2. वजनकांट्याला न दिसलेला भेद तपासणींत दिसला.

उपाशी राहून तरी काय साधतें? अमेरिकेंतील मिनेसोटा येथें 1944-45 सालीं 36 निरोगी तरुण प्रयोगासाठीं सुमारें सहा महिने अर्धपोटीं राहिले. त्यांचें बळ गेलें, मन खिन्न झालें, आणि रात्रंदिवस अन्नाचाच ध्यास लागला.

म्हणून मुलांनो, नाचणीची भाकर असो वा वरणभात, वेळेवर व भूक भागेपर्यंत जेवा. पालकांनींही पानावर बसलेल्या मुलाच्या देहाची चर्चा करूं नये. शंका वाटल्यास डॉक्टरांस विचारावें. अन्नाचें भय एकदां मनांत शिरलें, कीं तें घालविणें फार कठीण.