टोरंटचा स्पीड अचानक का वाढतो?

आपल्या बारामतीच्या हॉस्टेलवर दर सेमिस्टरला एक भांडण ठरलेलं असतं. लाइन ४० एमबीपीएसची, मग एखाद्याचं टोरंट ११ एमबीने कसं काय धावतं? मग सगळे त्याच्यावर तुटून पडतात, 'आमचं नेट तूच खाल्लंस' म्हणून. यंदा तर टोरंट सरसकट बंद करा, अशी मागणी रेक्टर सरांकडे गेली आहे. निर्णय होण्याआधी हा हिशोब सगळ्यांनी बघावा.

नेटचा प्लॅन बिटमध्ये सांगतात, टोरंटचं सॉफ्टवेअर बाइटमध्ये दाखवतं. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे ४० एमबीपीएसच्या लाइनमधून सेकंदाला फार तर ५ एमबी येणार. ११ हा आकडा त्यात बसतच नाही! याचा अर्थ तो डेटा बाहेरून येत नाहीये, निदान सगळा तरी नाही.

मग येतो कुठून? ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली बिटटोरंट आणलं. त्यात फाइलचे तुकडे करतात आणि ज्याच्याकडे जो तुकडा आहे तो तो इतरांना देतो. क्लायंटमध्ये 'लोकल पीअर डिस्कव्हरी' चालू असेल, तर आपला कॉम्प्युटर लॅनवर हाक मारतो, 'मी ही फाइल घेतोय, अजून कोण आहे?' शेजारच्या खोलीत तीच फाइल असली की तुकडे हॉस्टेलच्या स्विचमधूनच येतात. आपले जुने स्विच १०० एमबीपीएसचे. भागिले ८ केलं की १२.५, त्यातून हेडर वगैरेंचा खर्च वजा जाता ११ च्या थोडं वर. थोडक्यात, ११ हा आकडा आपल्या स्विचचा आहे, बाहेरच्या लाइनचा नाही.

नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामतीवरून पुढे इंदापूरला जातं. टेलच्या शेतकऱ्याला ते कमी पोचतं. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, 'टेल'चा हा अर्थ मला इंदापूरच्या रूममेटने शिकवला.) पण शेजाऱ्याच्या विहिरीतून पाइप टाकून पाणी घेतलं, तर कालव्यातलं थेंबभरही कमी होत नाही. लोकल पीअर म्हणजे ती विहीर.

कधी उलटही होतं. स्पीड भरपूर दिसतो, पण टक्के पुढे सरकत नाहीत. प्रत्येक तुकडा हॅशने तपासला जातो आणि खराब निघाला की टाकून देऊन परत मागवला जातो. काटा धावतो, फाइल तिथेच.

आता मुद्द्याचं. लॅबसाठी उबुंटूची साधारण ६ जीबीची फाइल ३० जणांना हवी आहे. प्रत्येकाने वेबसाइटवरून घेतली तर १८० जीबी, म्हणजे पूर्ण लाइन अडवून १० तास. एकाने आणली तर २० मिनिटं, बाकीच्यांना लॅनवरून. बंदी घातली तर आपण १० तासांचा रस्ता निवडला, असं होईल. पायरेटेड सिनेमांचं समर्थन मी करत नाही, तो विषय वेगळा आहे.

तक्रार करणारे अगदीच चुकीचे आहेत असंही नाही. नेट खरं मरतं ते अपलोडमुळे. अपलोडची बाजू भरली की डाउनलोडच्या पोचपावत्या रांगेत अडकतात आणि परीक्षेचा फॉर्म भरणाऱ्याचं पान उघडत नाही. म्हणून अपलोडला मर्यादा लावा. शून्य मात्र करू नका, कारण देणाऱ्यालाच आधी द्यायचं, असा बिटटोरंटचा हिशोब आहे. क्यूबिटटोरंटमध्ये लॅनवरच्या पीअरना मर्यादा लावायची की नाही, याची वेगळी टिक असते. ती काढून ठेवा.

आणि केबल लावा. वाय-फायवर 'क्लायंट आयसोलेशन' चालू असेल, तर शेजारच्या खोलीतला पीअर दिसणारच नाही.