बंद दार आणि शेजारधर्म



कोरोनाच्या दोन वर्षांचा विषय निघाला की आपल्या धर्मग्रामात आजही दोन सूर ऐकू येतात. "आमच्या घरी मयत झाली तेव्हा मातीला कोणी आले नाही," असे एक घर म्हणते. "आम्ही नियम पाळला, त्यात आमचे काय चुकले?" असे दुसरे घर म्हणते. इतकी वर्षे लोटली तरी काही घरांमधला अबोला अजून सुटलेला नाही. एकाच मिस्साला येतात, एकाच वेदीपुढे उभे राहतात, पण बाहेर पडताना वेगवेगळ्या फाटकांनी जातात.

म्हणून हा विषय जुना झाला असे आम्हांला वाटत नाही. शेजाऱ्यावर प्रीती करा ही प्रभूची आज्ञा, आणि शेजाऱ्याच्या घरी जाऊ नका हा सरकारचा नियम. दोन्ही एकाच वेळी कसे पाळायचे, हा त्या वेळचा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर नीट समजले तर मनातल्या काही गाठी सुटतील. पुढे कधी अशी साथ आली तर त्या वेळीही ते उपयोगी पडेल.

नियम काय होता?

22 मार्च 2020 रोजी जनता कर्फ्यू झाला आणि 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. मे महिन्यात लग्नाला 50 आणि अंत्यविधीला 20 माणसांची मर्यादा ठरली. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे 16 नोव्हेंबर 2020 रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, पुन्हा उघडली. दुसऱ्या लाटेत, एप्रिल 2021 मध्ये, 'ब्रेक द चेन' म्हणून पुन्हा निर्बंध आले. तेव्हा लग्न 25 माणसांत आणि दोन तासांत उरकावे लागले. प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली ती 7 ऑक्टोबर 2021 रोजी, घटस्थापनेला.

या आकड्यांमागे विचार एकच होता. एका छपराखाली राहणारी माणसे हवा, भांडी, अंथरूण सारे वाटून घेतात. त्यामुळे साथीच्या हिशेबात ते सारे घर म्हणजे जणू एक माणूस. पण दोन घरे एकत्र बसली की त्या दोन घरांतले सगळे संबंध एकमेकांना जोडले जातात. एका घरातला भाऊ शिफ्टला जातो, दुसऱ्या घरातली बहीण दवाखान्यात नर्स आहे, तिसऱ्या घरात आजी दम्याने आजारी आहे. एका वाढदिवसाच्या केकभोवती ही तिन्ही घरे जमली तर साखळी पूर्ण होते.

वाघ कुठे असतो?

ऊर्जानगरला दार लावून घेण्याची सवय नवी नाही. ताडोब्याचे जंगल आपल्या कुंपणापर्यंत आलेले आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एक कामगार दगावला. अंधार पडल्यावर मुलांना एकटे बाहेर सोडू नका, हे तेव्हा कोणालाही दोनदा सांगावे लागले नाही.

मग कोरोनाच्या वेळी तेच सांगणे इतके जड का गेले? कारण वाघ बाहेर असतो, आणि त्याच्यासाठी लावलेले दार आपल्या स्वतःच्या रक्षणाचे असते. विषाणू आपल्याच श्वासाबरोबर दुसऱ्याच्या घरी चालत जातो. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण पाच-सहा दिवस, कधी चौदा दिवसही लागत. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकत असे, आणि काहींना तर लक्षणे दिसलीच नाहीत. "मला काही झालेले नाही" हे म्हणणारा माणूस खोटे बोलत नव्हता. त्याला ते कळण्याचा मार्गच नव्हता. म्हणून त्या काळात लावलेले दार दुसऱ्यासाठी होते. आपल्यामुळे कोणाच्या तरी आजीचा जीव जाऊ नये, यासाठी ते होते. शेजारप्रीतीला त्या दिवसांत असे अनोळखी रूप घ्यावे लागले.

पवित्र शास्त्रातले बंद दार

निर्गमाच्या 12व्या अध्यायात पहिल्या वल्हांडणाची रात्र आहे. देवाने त्या रात्री आपल्या प्रजेला मंदिरात किंवा मैदानात एकत्र बोलावले नाही. प्रत्येक घराने आपापल्या घरात भोजन करावे, मांस घराबाहेर नेऊ नये आणि सकाळ होईपर्यंत कोणी दाराबाहेर पडू नये, अशी आज्ञा होती. इस्राएलची सुटका झाली ती सारी घरे एकाच रात्री, पण आपापल्या बंद दाराआड असताना. म्हणजे अलग बसूनही एक प्रजा होता येते.

त्याच अध्यायात, चौथ्या ओवीत, आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या लक्षात सहसा राहत नाही. घर इतके लहान असेल की एक कोकरू संपणार नाही, तर त्या घराने जवळच्या शेजाऱ्याला बरोबर घ्यावे. दार बंद करण्याची आज्ञा देताना देवाने एकट्याचा विचार आधीच करून ठेवला होता. 13 जून 2020 पासून इंग्लंडमध्ये एकट्या राहणाऱ्या प्रौढाला दुसऱ्या एका घराशी जोडून घेण्याची मुभा मिळाली, तिच्यामागेही हीच समज होती.

केरळमधून इथे आलेल्या आपल्या कुटुंबांना पवित्र गुरुवारची पेसहा भाकर ठाऊक आहे. घरातला कर्ता पुरुष ती मोडतो आणि घरच्यांना वाटतो. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल ते घर भाकर करत नाही. शेजारी आणि नातेवाईक ती आणून देतात. घराचा सण आणि शेजाऱ्याची आठवण या दोन्ही गोष्टी आपल्या परंपरेत अशा हातात हात घालून चालत आल्या आहेत.

वेशीचे दार केव्हा उघडावे?

"पण फादर, नियम म्हणजे नियम का? कधीच दार उघडायचे नाही का?" असा प्रश्न विचारला जातो. सातशे वर्षांपूर्वी संत थॉमस अक्विनास यांनी याचा विचार करून ठेवला आहे. कायद्याची ओळख सांगताना ते चार गोष्टी सांगतात: तो विवेकाला धरून असावा, सर्वांच्या हितासाठी असावा, समाजाची काळजी ज्याच्यावर सोपवली आहे त्याने केलेला असावा, आणि सर्वांना जाहीर केलेला असावा. असा कायदा पाळणे हे सद्सद्विवेकाचेही बंधन आहे.

पुढे ते एक उदाहरण देतात. शत्रूने शहराला वेढा घातला आहे आणि वेशी बंद ठेवण्याचा हुकूम आहे. पण शहराचे रक्षण करणारे आपलेच लोक बाहेर आहेत आणि शत्रू त्यांच्या पाठीमागे लागला आहे. अशा वेळी वेस उघडली पाहिजे, कारण हुकूम ज्या हितासाठी होता तेच हित आता उघडण्यात आहे. मात्र संत थॉमस लगेच आवर घालतात: संकट इतके तातडीचे असेल की विचारायला वेळच नाही, तेव्हाच माणसाने स्वतः निर्णय घ्यावा. वेळ असेल तर अधिकाऱ्याला विचारावे.

यातून तीन कसोट्या मिळतात. गरज समोरच्याची आहे की इच्छा माझी आहे? ती आत्ताची आहे की थांबू शकते? दार उघडल्याने जीव वाचतो की धोक्यात येतो? शेजारच्या क्वार्टरमध्ये एकटी राहणारी बाई तापाने फणफणली आहे, धाप लागली आहे. तोंडाला मास्क बांधून तिच्याकडे गेलेच पाहिजे आणि तिला दवाखान्यात पोहोचवले पाहिजे. तिथे "नियम आहे" म्हणून थांबणे हा नियमाचाच अपमान आहे. बारसे, वाढदिवस, पत्त्यांचा डाव थांबू शकतो. आपल्या वीज केंद्राच्या शिफ्टसुद्धा याच तत्त्वावर चालू होत्या. दवाखान्याला वीज हवी, तर कोणीतरी घराबाहेर पडलेच पाहिजे.

ख्रिस्तसभेने काय केले?

देवळाचे दार बंद करणे धर्मगुरूंनाही सोपे नव्हते. 25 मार्च 2020 च्या आदेशाने व्हॅटिकनने सांगितले की ईस्टर पुढे ढकलता येणार नाही, पण पवित्र आठवड्याचे विधी लोकांविना करता येतील, आणि पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी गाळावा. 27 मार्चच्या संध्याकाळी दिवंगत पोप फ्रान्सिस रोमच्या रिकाम्या चौकात, पावसात, साऱ्या जगासाठी प्रार्थना करत उभे होते. 12 एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण आपण घराघरांत साजरा केला. पहिला ईस्टरही असाच होता. शिष्य दारे लावून बसले होते आणि प्रभू तिथे येऊन उभा राहिला (योहान 20).

याआधीही असे घडले आहे. 1576 मध्ये मिलान शहरात प्लेग पसरला तेव्हा लोकांना घरात राहण्याचा हुकूम होता. तिथले आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनी तो हुकूम मोडायला सांगितले नाही. त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या, म्हणजे लोकांना आपल्या खिडकीतून मिस्साला उपस्थित राहता येईल. ते स्वतः रोग्यांपर्यंत जात राहिले. दार बंद ठेवूनही वाट कशी काढावी, हे त्यांनी दाखवले.

नियम करणाऱ्यांचीही जबाबदारी

नियम चांगला असला तरी तो राबवण्याची रीत वाईट असू शकते. कोरोनात जो साथरोग कायदा वापरला तो 1897 चा, मुंबईच्या प्लेगनंतर झालेला. त्याच वर्षी पुण्यात सैनिक घराघरांत शिरून तपासणी करत, माणसांना ओढून छावणीत नेत. त्या जबरदस्तीने लोकांच्या मनात संतापच पेरला. आणि त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना लागण होऊन 10 मार्च 1897 रोजी मरण पावल्या. साथ एकच, शहर एकच. पण धाकाने घरात शिरणे वेगळे आणि सेवेसाठी शिरणे वेगळे.

जो नियम करतो त्याने तो आधी पाळावा, हेही तितकेच खरे. ब्रिटनमध्ये लोकांना दुसऱ्या घरच्यांना भेटण्याची बंदी असताना पंतप्रधानांच्या कार्यालयात मेळावे झाले, आणि एप्रिल 2022 मध्ये खुद्द पंतप्रधानांना दंड झाला. आईबापांना शेवटचे न भेटलेल्या लोकांना ते किती लागले असेल!

शिवाय एकच नियम सर्वांना सारखा जड नसतो. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आजाऱ्याला वेगळे ठेवायचे कुठे? चंद्रपूर-गडचिरोलीहून मिरची तोडायला तेलंगणात गेलेले मजूर एप्रिल 2020 मध्ये तिथेच अडकले. कित्येक जण उन्हातून जंगलवाटेने चालत गावाकडे निघाले. "घरीच राहा" हे शब्द त्यांच्या कानांवर पडले तेव्हा घर शेकडो किलोमीटर दूर होते. नियम पाळणाऱ्याचे काम दार लावून संपत नाही. या नियमात कोण बाहेर राहिले, हे त्याने पाहिले पाहिजे.

आता काय करावे?

ज्यांनी दार बंद ठेवले त्यांना आम्ही सांगू इच्छितो की त्यात प्रेमाची उणीव नव्हती. ज्यांच्या मातीला कोणी आले नाही त्यांना सांगू इच्छितो की ती रिकामी जागा तिरस्काराने रिकामी राहिली नव्हती. पण तुमचे दुःख खरे आहे आणि ते अजून कोणीतरी ऐकायचे राहिले आहे. आणि ज्यांना वाटते की आपल्याच जाण्यायेण्याने घरात आजार आला, त्यांनी हे ओझे एकट्याने वाहू नये. लागण कुठून आली हे फार थोड्यांना कधी कळले. मन खात असेल तर प्रायश्चित्त संस्काराला या. प्रभू न्यायाधीशाहून अधिक वैद्य आहे.

संत योहान आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी म्हणतात की लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण कागद-शाईने पुरे होणार नाही. प्रत्यक्ष भेटून बोलू, म्हणजे आनंद पूर्ण होईल. भेट थांबवली होती ती सोडून दिलेली नव्हती. तेव्हा ज्या घरी जाता आले नाही, त्या घरी आता जा. त्या माणसाचे नाव घ्या, त्याची गोष्ट ऐका, एक रोझरी बरोबर म्हणा. उशिरा गेलेले माणूसही गेलेलेच असते.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

1. त्या दोन वर्षांत आपल्या ओळीतल्या कोणत्या घराला सर्वांत जास्त एकटेपणा आला? तेव्हा त्या घरासाठी कोणी काय केले?

2. निर्गम 12 मधले 'जवळचे शेजारी घर' आज आपल्यासाठी कोणते? पुन्हा अशी वेळ आली तर एकट्या राहणाऱ्या कोणत्या माणसाला आपले घर जोडून घेईल?

3. वरच्या तीन कसोट्या लावून पाहा: तेव्हाचा आपला कोणता निर्णय आज बरोबर वाटतो, आणि का?

4. या महिन्यात आपला समूह कोणत्या घरी राहून गेलेली सांत्वनाची भेट देईल?

आपला,
प्रमुख धर्मगुरू