काळभाताचं पाऊच आणि प्लास्टिकची नोंदणी

प्रश्न : आमचा बचत गट अकोले तालुक्यातला काळभात आणि इंद्रायणी तांदूळ प्लास्टिक पाऊचमध्ये भरून ऑनलाइन विकतो. यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे, असं एक एजंट सांगतो. खरं का?

उत्तर : ताई, त्याला एक रुपयाही देऊ नका. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये विस्तारित उत्पादक जबाबदारीची चौकट आली. बाजारात जेवढं प्लास्टिक आणता, तेवढ्याच्या विल्हेवाटीची सोय तुम्ही करायची, हा तिचा गाभा; एजंट सांगतो ती नोंदणी याचसाठी. मात्र ब्रँडमालकांमधून, म्हणजे स्वतःच्या नावाने माल विकणाऱ्यांमधून, सूक्ष्म आणि लघु उद्योग वगळले आहेत. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म ठरतो. तुम्ही त्यात सहज बसता. पुरावा हवा म्हणून गटाची उद्यम नोंदणी करून घ्या. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते.

सवलत नोंदणीतून आहे, कचऱ्यातून नाही. पाऊच निवडताना ॲल्युमिनियमचा थर असलेलं टाळा. प्लास्टिक आणि धातूचे थर वेगळे करणं अवघड, म्हणून भंगारवाला ते उचलत नाही. एकाच प्रकारच्या प्लास्टिकचं जाड पाऊच घ्या, बाहेरून पुठ्ठ्याचं खोकं वापरा.

जर्मनीतल्या ग्राहकाला थेट तांदूळ पाठवणार असाल तर मात्र तिथल्या ‘लुसिड’ या पॅकेजिंगच्या नोंदवहीत आधी नाव लागतं. तिथे पहिल्या पाकिटापासून नियम लागू होतो, लहान विक्रेत्यालाही सूट नाही.